धागा तुटतो तो सांध्यावरच
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे' हे वाक्य आपण शाळेपासून निबंधात इतक्या वेळा लिहिले आहे की, त्याचा अर्थ कोणी विचारला तर आपण क्षणभर गोंधळूनच जाऊ. युग विज्ञानाचे आहे हे खरे. पण ते कोणाच्या वाट्याला किती आले, कोणत्या वळणापर्यंत आले आणि कुठे येऊन अडले, हा प्रश्न त्या निबंधात कधी येत नाही. तो विचारावा म्हणून हा लेखनप्रपंच.

विषय वरवर पाहता रुक्ष आहे. फिरत्या माणसाच्या हातातला मोबाइल एका टॉवरकडून दुसऱ्या टॉवरकडे सोपवला जातो. त्या सोपवण्यात विलंब होतो. तो विलंब कसा कमी करावा, हा तो विषय. कला शाखेच्या विद्यार्थिनीने यात नाक का खुपसावे, असे कोणी म्हणेल. माझे म्हणणे असे की, हा विषय जितका अभियंत्यांचा आहे तितकाच तो आपला, म्हणजे रोज एस. टी.ने कॉलेजला येणाऱ्यांचाही आहे.

फोन मध्येच तुटला की आपण सरसकट म्हणतो, 'रेंज गेली.' थोडे बारकाईने पाहिले तर या दोन शब्दांत दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. काही ठिकाणी कोणत्याच टॉवरच्या लहरी पोचत नाहीत. तिथे फोन मुका असणार हे उघड आहे. पण काही ठिकाणी अलीकडच्या गावात रेंज भरपूर असते, पलीकडच्या गावातही भरपूर असते, आणि मधल्या एका ठरावीक वळणावर चालू बोलणे तुटते. पाच-दहा सेकंदांत रेंजच्या दांड्या पुन्हा उभ्या राहतात, बोलणे मात्र गेलेले असते. पहिल्या ठिकाणी टॉवर नाही. दुसऱ्या ठिकाणी टॉवर दोन आहेत, पण त्यांच्यातला सांधा नीट जुळलेला नाही. या लेखात मी बोलणार आहे ती या सांध्याविषयी.

हा सांधा मुळात आला कोठून, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. बिनतारी लहरींच्या पट्ट्या मर्यादित असतात. एका शहरासाठी एकच मोठा टॉवर उभा केला तर एका वेळी मोजकीच माणसे बोलू शकतात. यावर अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संशोधन संस्थेत डग्लस रिंग यांनी डिसेंबर १९४७ मध्ये एक तोडगा मांडला. जमीन मधमाशीच्या पोळ्यासारख्या लहान लहान षट्कोनी घरांत वाटावी, प्रत्येक घराला आपापला कमी शक्तीचा टॉवर द्यावा आणि दूरच्या घरांत तीच पट्टी पुन्हा वापरावी. थोड्या पट्ट्यांत पुष्कळ माणसांची सोय झाली. पण एक नवी अडचण उभी राहिली. बोलणारा माणूस गाडीत बसून एका घरातून दुसऱ्या घरात गेला तर त्याच्या बोलण्याचे काय? हा प्रश्न सुटायला पुढे पाव शतक गेले. चालू संभाषण न तोडता एका घरातून दुसऱ्या घरात नेणाऱ्या यंत्रणेचे पेटंट त्याच संस्थेतील एमस जोएल यांना १९७२ साली मिळाले. १९७९ साली टोकियोत आणि १९८३ साली शिकागोत अशी सेवा लोकांसाठी सुरू झाली. आपल्या देशात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कलकत्त्याहून ज्योती बसू दिल्लीच्या सुखराम यांच्याशी बोलले.

या इतिहासातून मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. मोबाइल म्हणजे 'फिरता'. फिरता फिरता बोलता यावे, एवढ्यासाठीच सारा खटाटोप झाला. म्हणून टॉवर बदलताना बोलणे टिकणे ही काही वरची चैन नव्हे. ते या यंत्राचे मूळ वचन आहे.

आता हा बदल होतो कसा ते पाहू. रेल्वेच्या एकेरी मार्गावर पूर्वी सर्रास टोकनची पद्धत असे. दोन स्थानकांमधल्या रुळावर जाण्याचा परवाना म्हणून स्टेशनमास्तर ड्रायव्हरला एक टोकन देत. पुढच्या स्थानकावर ते टोकन परत द्यायचे आणि पुढच्या टप्प्याचे नवे घ्यायचे. नवे टोकन हातात आल्यावाचून गाडीने पुढे जायचे नाही. फोनचेही साधारण असेच आहे. फरक एवढाच की, रेल्वे टोकनसाठी थांबू शकते; फोन ज्या गाडीत बसला आहे ती एस. टी. टॉवरसाठी थांबत नाही.

फोन सतत आजूबाजूच्या टॉवरची ताकद मोजत असतो. जुन्या २ जी पद्धतीत तो बोलणे चालू असताना दर ४८० मिलीसेकंदांनी, म्हणजे जवळपास अर्ध्या सेकंदाला एकदा, सर्वांत चांगल्या सहा शेजारी टॉवरची माहिती आपल्या टॉवरला कळवतो. ४ जी मध्ये शेजारी टॉवर ठरावीक प्रमाणात अधिक चांगला ऐकू येऊ लागला की फोन तसे कळवतो. मग जुना टॉवर नव्याला विचारतो, 'तुझ्याकडे जागा आहे काय?' नवा 'आहे' म्हणतो, जागा राखून ठेवतो. जुना टॉवर फोनला हुकूम सोडतो, 'आता तिकडे जा.' फोन जुन्याला सोडतो, नव्याशी ताल जुळवतो, आणि बोलणे पुढे चालू होते. ४ जी मध्ये या शेवटच्या उडीला साधारणपणे ३० ते ६० मिलीसेकंद लागतात. डोळ्याची पापणी लवायला याहून जास्त वेळ लागतो. आपल्या कानाला ही फट जाणवतही नाही.

मग बोलणे तुटते का? खरी मेख येथेच आहे. विलंब उडीत नसतो, तो उडी मारण्याच्या निर्णयात असतो. शेजारचा टॉवर क्षणभर चांगला वाटला म्हणून लगेच तिकडे धाव घेतली, तर पुढच्या क्षणी पुन्हा जुना बरा वाटेल, आणि फोन दोन टॉवरमध्ये चेंडूसारखा इकडून तिकडे टोलवला जाईल. हे टाळण्यासाठी 'शेजारी एवढा वेळ सतत चांगला राहिला तरच कळव' असा एक थांबण्याचा काळ ठरवून दिलेला असतो. ४ जी मध्ये हा काळ शून्यापासून ५१२० मिलीसेकंदांपर्यंत सोळा ठरावीक आकड्यांतून निवडता येतो. निवडतो तो कंपनीचा अभियंता.

आता थोडे साधे गणित करू. घाटात ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी एस. टी. एका सेकंदात सुमारे ११ मीटर पुढे जाते. थांबण्याचा काळ १२८० मिलीसेकंद ठेवला तर तेवढ्यात ती १४ मीटर गेलेली असते. तो ५१२० ठेवला तर ५७ मीटर. ताशी ११० किलोमीटर वेगाच्या आगगाडीला १२८० मिलीसेकंदांत ३९ मीटर मागे टाकता येतात, आणि जपानच्या ताशी ३२० किलोमीटर वेगाच्या बुलेट ट्रेनला ११४ मीटर. मोकळ्या माळावर ५७ मीटरांनी काही बिघडत नाही. खिंडीत मात्र तेवढ्यात डोंगर आडवा येतो.

भूगोलाच्या तासाला आम्हाला टोपोशीट वाचायला शिकवतात. समोच्च रेषा दाटीवाटीने आल्या की तिथे चढ तीव्र आहे असे समजायचे. एके दिवशी मी आमच्या रस्त्याचा नकाशा समोर घेऊन बसले आणि ध्यानात आले की, ज्या वळणावर आमचे फोन तुटतात, तिथे या रेषा एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या आहेत. अलीकडे असताना अलीकडचा टॉवर स्वच्छ दिसतो. वळण घेतले की दहा-वीस मीटरांत तो डोंगराआड जातो आणि पलीकडचा एकदम पुढ्यात येतो. ४ जी साठी वापरल्या जाणाऱ्या उंच कंप्रतेच्या लहरी डोंगराला वळसा घालून फारशा येत नाहीत, त्यामुळे ताकद हळूहळू न उतरता कड्यावरून पडावी तशी कोसळते.

आणि आता या पद्धतीतली विसंगती पाहा. 'नव्या टॉवरकडे जा' हा हुकूम जुन्या टॉवरकडून यायचा असतो. म्हणजे ज्याचा आवाज ऐकू येईनासा झाला आहे, त्यानेच निरोप द्यायचा! बुडत्याने काठावरच्याला दोर फेकावा, तसलाच हा प्रकार. फोन आपली माहिती कळवायला उशीर करतो, हुकूम वाटेत विरतो, नवा टॉवर समोर उभा असून फोनला तिकडे जाण्याची आज्ञाच मिळत नाही. काही वेळ वाट पाहून फोन हार मानतो. या शास्त्रात अशा प्रकाराला 'फार उशिराचे हस्तांतर' असे सरळ नावच आहे. त्याची भावंडेही आहेत: 'फार लवकरचे हस्तांतर' आणि 'चुकीच्या घरातले हस्तांतर'. ज्या दुखण्याला नाव आहे, लक्षणे ठाऊक आहेत आणि औषधही आहे, त्याला आपण 'रेंज गेली' म्हणून नशिबाच्या खात्यावर टाकतो.

येथे कोणी म्हणेल, 'एस. टी.त बसून बोलायचे कशाला? उतरल्यावर बोलावे.' हा प्रश्न विचारणारा बहुधा स्वतःच्या मोटारीने फिरणारा असतो. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. आमच्या आईचे शिक्षण चौथीपर्यंत आणि वडील दुधाच्या टेम्पोवर हमाली करतात. मला कॉलेजात घालताना घरात जी चर्चा झाली, तीत फीचा प्रश्न होता, पण त्याहून मोठा प्रश्न होता तो संध्याकाळच्या शेवटच्या एस. टी.चा. शेवटी तडजोड निघाली ती अशी की, स्टँडवरून गाडी सुटली की फोन करायचा आणि फाट्यावर उतरेपर्यंत अधूनमधून बोलत राहायचे. माझ्यासारख्या कितीतरी मुलींना कॉलेजचा दरवाजा याच अटीवर उघडलेला आहे. १७ मार्च २०२३ पासून एस. टी.त महिलांना निम्मे भाडे झाले. त्याने आमच्यासाठी रस्ता अर्धा स्वस्त झाला. पण रस्ता किती सुरक्षित वाटतो, हे भाड्याने ठरत नाही. खिंडीतल्या त्या वळणावर फोन तुटला आणि तो पुन्हा लागेपर्यंत गाडी अंधारात कुठे आहे हे कळले नाही, की घरी बसलेल्या आईच्या मनात काय येते ते मी येथे लिहीत नाही. एवढेच सांगते की, असे चार-सहा वेळा झाले की घरात 'पुढच्या वर्षाचे बघू' असे शब्द ऐकू येऊ लागतात. आमच्याच गाडीने येणाऱ्या एका मैत्रिणीचे कॉलेज या वर्षी सुटले. कारणे अनेक होती, हे मला मान्य आहे. पण त्या कारणांत हेही एक होते.

याच रस्त्याने १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका जाते. आतल्या डॉक्टरांना पुढच्या रुग्णालयाशी बोलायचे असते. याच रस्त्याने भाजीचा टेम्पो जातो. बाजारभावाचा निरोप त्याच वळणावर तुटतो. ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबांच्या गाड्या जातात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांशी त्यांचे बोलणे वाटेतच होत असते. चालत्या गाडीत बोलणे ही ज्यांची गरज आहे, ती माणसे फार मोठी नाहीत; म्हणूनच त्यांच्या सेकंदांचा हिशेब कोणी ठेवत नाही.

हिशेब अजिबातच ठेवला जात नाही असे नाही. ट्राय, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, कंपन्यांच्या सेवेचा दर्जा मोजते. शंभर कॉलपैकी दोनांहून अधिक तुटू नयेत, असा दंडक पूर्वीपासून आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये ट्रायने असाही नियम केला की, १ जानेवारी २०१६ पासून तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे ग्राहकाला एक रुपया भरपाई द्यावी, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो नियम मनमानी ठरवून रद्द केला. जी कंपनी दोन टक्क्यांच्या आत आहे तिलाही दंड, आणि दोष कोणाचा हे न पाहता दंड, हे न्यायालयाला पटले नाही. त्या वेळी पुष्कळांना हा निकाल कंपन्यांच्या बाजूचा वाटला. मला मात्र वाटते, त्या रुपयाने आमचे काही भले झाले नसते. आम्हाला रुपया नको आहे, आम्हाला तुटलेला सांधा जोडून हवा आहे.

खरा घोटाळा त्या 'शंभरात दोन'मध्ये आहे. सरासरी ही मोठी फसवी गोष्ट असते. एका भागात दिवसाला शंभर कॉल होतात आणि त्यांतले दोन तुटतात, असे समजा. ते दोन कॉल रोज वेगवेगळ्या माणसांचे असतील, तर त्याला दैव म्हणता येईल. पण ते रोज त्याच वळणावरचे असतील, तर त्या वळणावरून जाणाऱ्याच्या दृष्टीने शंभरांपैकी शंभर तुटले. कागदावर कंपनी उत्तीर्ण झाली आणि वळणावरचा प्रवासी कायमचा नापास. वर्गाची सरासरी चांगली आली म्हणून मागच्या बाकावरच्या मुलाला वाचता येते असे सिद्ध होत नाही, हे आपल्या शिक्षकांना चांगले ठाऊक आहे. मग टॉवरच्या बाबतीत आपण ते का विसरावे?

ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले. कंपन्यांनी आपली सेवा कुठे कुठे पोचते याचे नकाशे लोकांना पाहायला द्यावेत, असेही त्यांत आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण आमचे वळण त्या नकाशात कोणत्या रंगात असेल? अलीकडेही रंग, पलीकडेही रंग. सांधा दिसणारच नाही. सेवेचा नकाशा हा थांबलेल्या माणसाचा नकाशा आहे. चालत्या माणसाचा नकाशा अजून कोणी काढलेला नाही.

उपाय काय, असे आता कोणी विचारील. उपायांची वाण नाही. अगदी साधा उपाय म्हणजे प्रत्येक टॉवरच्या शेजाऱ्यांची यादी तपासणे. शेजारचा टॉवर यादीतच नसेल तर तो कितीही मोठ्याने ओरडला तरी उपयोग नाही. नव्या पद्धतींत ही यादी यंत्रणा स्वतः शिकू शकते, पण खिंडीसारख्या अवघड जागी माणसाने लक्ष घालावेच लागते. दुसरा उपाय, थांबण्याचा तो काळ सगळीकडे एकच न ठेवता जागेप्रमाणे आणि वेगाप्रमाणे बदलणे. शहरातल्या चौकाला जो आकडा शोभतो तो घाटाला चालत नाही. यासाठी नवा टॉवर लागत नाही, नवे यंत्र लागत नाही. लागते ती कोणी तरी त्या रस्त्याने एकदा मोजत मोजत जाण्याची तसदी. तिसरा उपाय, वळणावर लहानसा टॉवर किंवा लहरी पुढे पोचवणारे साधन बसवून दोन्ही बाजूंची व्याप्ती एकमेकींवर थोडी चढवणे. साडी जोडताना दोन्ही काठ एकमेकांवर घेऊनच टाका घालतात. नुसते टोकाला टोक भिडवले तर शिवण उसवते.

याहून पुढचे उपायही निघाले आहेत. तिसऱ्या पिढीच्या आणि सीडीएमए पद्धतीच्या फोनांत फोन एकाच वेळी दोन टॉवरांचा हात धरून राहू शकत असे; नव्याचा हात घट्ट बसल्यावरच जुना सोडायचा. ४ जी ने यंत्रणा सुटसुटीत व्हावी म्हणून ही सोय सोडून दिली. प्रगती नेहमी सरळ रेषेत जात नाही, याचे हे चांगले उदाहरण. ५ जी साठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१७ साली जे निकष ठरवले, त्यांत टॉवर बदलताना पडणारा खंड शून्य मिलीसेकंद असावा, असे उद्दिष्ट आहे. त्यासाठी २०२० साली पक्क्या झालेल्या मानकांत दोन युक्त्या आल्या. एकीत फोन नवा टॉवर धरेपर्यंत जुन्याशी देवाणघेवाण चालूच ठेवतो. दुसरी मला विशेष आवडली. तिच्यात जुना टॉवर आवाज स्वच्छ असतानाच फोनला सांगून ठेवतो, 'पुढे अमुक टॉवर अमुक इतका चांगला वाटला तर मला न विचारता तिकडे जा. त्याच्याशी माझे बोलणे झालेले आहे.' वळण आले की फोन स्वतःच निर्णय घेतो. बुडत्याने दोर फेकण्याची वेळच येत नाही. आमच्या खिंडीसाठीच जणू ही युक्ती काढली असावी!

पण ती आमच्या खिंडीत येणार केव्हा? भारतात ५ जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. या शून्य मिलीसेकंदांची चर्चा वाचली तर तीत उदाहरणे येतात ती चालकाविना धावणाऱ्या मोटारींची, यंत्रमानवांच्या कारखान्यांची आणि ताशी ५०० किलोमीटर वेगाच्या गाड्यांची. ताशी ४० किलोमीटरने घाट चढणारी लाल गाडी त्या उदाहरणांत मला कुठे आढळली नाही. 'वर आलेले खाली झिरपेलच' असे काही जण म्हणतात. झिरपेलही. पण पाणी झिरपत खालच्या शेतापर्यंत पोचेतो पीक जळून जाते, हे शेतकऱ्याच्या घरात सांगावे लागत नाही.

कंपन्यांची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. घाटात वीज सलग नसते, टॉवरला जागा मिळत नाही, वस्ती विरळ म्हणून उत्पन्न कमी. शिवाय आपल्यातलेच लोक एकीकडे टॉवरला विरोध करतात आणि दुसरीकडे फोन तुटतो म्हणून ओरडतात. हे सारे खरे आहे. यावर वाट काढता येते, हेही दिसले आहे. सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरवरून वेगवेगळ्या कंपन्यांच्या ग्राहकांना ४ जी सेवा घेता यावी, अशी व्यवस्था जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाली. एका खिंडीत चार कंपन्यांचे चार टॉवर परवडत नसतील, तर चौघांचा मिळून एक का असू नये? आणि मी वर सांगितलेल्या पहिल्या दोन उपायांना तर जागाही लागत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. नियामकाने कंपन्यांकडून तुटलेल्या कॉलची केवळ सरासरी मागू नये, जागा मागावी. प्रत्येक तालुक्यातल्या एस. टी. मार्गांवर आणि रेल्वेमार्गांवर कोणत्या दोन टॉवरांमधल्या सांध्यावर बोलणे वारंवार तुटते, याची यादी जाहीर व्हावी, आणि सर्वांत वाईट सांधे किती दिवसांत दुरुस्त होणार ते त्यापुढे लिहावे. रस्त्यावरचे अपघाती वळण ओळखून तिथे फलक लावतात, कठडा बांधतात. तसेच हे.

आणि आपण काय करावे? केवळ मागणी करून गप्प बसणे विद्यार्थ्यांना शोभत नाही. आपल्या कॉलेजात निदान वीस-पंचवीस गावांहून मुले-मुली रोज येतात. म्हणजे वीस-पंचवीस रस्त्यांवरून रोज दोनदा मोजणी करणारी माणसे फुकट उपलब्ध आहेत. फोन कुठे तुटला, किती वाजता, गाडी कोणत्या दिशेने जात होती, किती सेकंदांनी रेंज परत आली, एवढ्या चार गोष्टी एका वहीत महिनाभर लिहून ठेवल्या, तर भूगोल विभागाच्या टोपोशीटवर त्या मांडता येतील. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दरवर्षी आपण रस्ते झाडतो, ते चांगलेच आहे. एखाद्या वर्षी रस्ते मोजूही. 'फोन लागत नाही' ही तक्रार वाऱ्यावर उडून जाते. 'अमुक खिंडीत, दुसऱ्या वळणावर, महिन्यात सव्वीस दिवसांपैकी तेवीस दिवस बोलणे तुटले' ही तक्रार उडवून लावणे कोणालाही जड जाईल. जिला जागा आहे ती तक्रार दुरुस्त होऊ शकते.

मित्रमैत्रिणींनो, विज्ञान शाखेचे विद्यार्थी यंत्र कसे चालते ते शिकतात. ते कोणासाठी चालते आणि कोणाच्या वळणावर बंद पडते, हे विचारण्याचे काम आपल्या शाखेचे आहे. त्यासाठी यंत्राची थोडी माहिती करून घ्यावी लागली तर लाजण्याचे किंवा घाबरण्याचे कारण नाही; मला ती वाचनालयातल्या पुस्तकांतून आणि विज्ञान विभागातल्या सरांना त्रास देऊन मिळाली, तशी कोणालाही मिळेल. शून्य मिलीसेकंदांचे स्वप्न ज्यांनी पाहिले त्यांना माझा नमस्कार. पण ते शून्य मोजायचे असेल तर ते शेवटच्या एस. टी.तल्या शेवटच्या बाकावर बसून मोजावे. तिथे ते शून्य भरले, तरच ते खरे.